पाणी उतरलं की काढू

पुराला घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण पूर येत नाही म्हणून कासावीस होणारा माणूस सगळ्या हुबळी-धारवाडात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या समोरच्या घरात राहायला यावा, हे आमचं नशीब. काका मूळचे सांगलीचे. जन्म नदीपासून दोन गल्ल्या अलीकडे, सारी नोकरी हळदीच्या पेढीवर दिवाणजी म्हणून, आणि दर काही वर्षांनी घरात पाणी. शेवटच्या पुरात त्यांना माडीच्या खिडकीतून होडीत घेतलं, तेव्हा त्यांच्या मांडीवर लोणच्याची बरणी होती म्हणे. त्यानंतर रेल्वेत असलेल्या मुलाने त्यांचं काही न ऐकता त्यांना इकडे उणकलच्या नव्या वसाहतीत आणलं. आमच्या गावाला नदी नाही. उणकलचं तळं आहे, पण ते आपल्या जागी गुमान बसलेलं असतं. नळाला पाणी आलं तर बायका एकमेकींना हाका मारून सांगतात. अशा गावात काकांनी पुराची तयारी सुरू केली.

त्यांच्या घरात जमिनीवर फक्त माणसं असत. बाकी सगळं वर. फ्रिज विटांच्या ओट्यावर होता, त्यामुळे दुधाची पिशवी काढायला सूनबाईंना स्टुलावर चढावं लागे. टीव्ही छताला चिकटलेला. बातम्या लागल्या की घरातले सगळे विमान बघायला जमल्यासारखे दिसत. काका पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी चहाचा कप हातात घेण्याआधी हॉलच्या चारही भिंती न्याहाळल्या.

"मास्तर, रेघ कुठाय?"

"कसली रेघ?"

"पाण्याची. कुठवर आलं होतं त्याची."

मी म्हटलं, आमच्या घरात पाणी कधी आलेलंच नाही. लग्न न जमलेल्या मुलाच्या बापाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "येईल की," ते धीर देत म्हणाले.

रोज सकाळी ते तळ्यावर जात. काठाला त्यांनी एक दगड ठरवून ठेवला होता, तो कितपत भिजला ते पाहत, आणि फिरायला आलेल्या लोकांना नव्यानेच शिकलेल्या कानडीत विचारत, "नीर बंदावेन्री?" म्हणजे पाणी आलं का. हा प्रश्न आमच्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला विचारतोच, फक्त नळाबद्दल. लोक म्हणत, "नाळे बरताव," उद्या येणार. काका गंभीर चेहऱ्याने परत येऊन गल्लीत ती बातमी सांगत, आणि बायका आनंदाने पिंपं घासायला घेत. कोण कशाची वाट पाहत होतं याचा उलगडा शेवटपर्यंत कुणाला झाला नाही. काकांना तर नाहीच.

पण खरा गोंधळ श्रावणात. ते आल्याच्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. सकाळी पाऊस जरा जोरात होता. मी शाळेत जायच्या गडबडीत होतो. माझी शाळा लॅमिंग्टन रोडला, म्हणजे वेळेवर निघालो तरी उशीरच. इतक्यात काका विजार गुडघ्यापर्यंत दुमडून आत आले, कुणाशी एक शब्द न बोलता स्वयंपाकघरात शिरले, आणि तांदळाचं पोतं पाठीवर घेऊन माळ्यावर चढवू लागले. बायकोला वाटलं मी बोलावलंय. मला वाटलं तिने. पोतं झालं, मग डाळीचे डबे, मग शिलाई मशीन. शेवटी ते आईच्या खाटेपाशी गेले. "आक्का, पाय वर घ्या." आईने मुकाट्याने पाय वर घेतले आणि दुपारपर्यंत तशीच मांडी घालून बसून राहिली. काकांनी चहा घेतला, म्हणाले, "पाणी उतरलं की काढू," आणि निघून गेले. आई कौतुकाने म्हणाली, "गडी चांगला मिळाला हो तुला."

आता, जे पाणी आलंच नाही ते उतरलं असं ठरवायचं कुणी? भिडेपोटी आम्ही पोतं तसंच ठेवलं. बायको रोज शिडी लावून भात शिजवण्यापुरते तांदूळ काढायची आणि मला जे बोलायची ते इथे लिहिता येणार नाही. पंधरवड्याने काका आले आणि सगळं उतरवून, जिथलं तिथे ठेवून गेले.

हे दरवर्षी झालं. बरं, गल्लीत इतकी घरं, तरी उचलायला यायचे ते आमच्याचकडे. बायकोचं म्हणणं, तिच्या चहामुळे. मला वाटे, आपलं घर सखल असेल. एकदा मी चक्क दोरी धरून पाहिलं. उलट आमचंच जोतं उंच निघालं. आईला मात्र कसलाच प्रश्न पडला नव्हता. श्रावण लागला की ती विचारी, "तो उचलणारा आला नाही का रे अजून?" आणि काका फाटकात दिसले की आपण होऊन पाय वर घेई.

गेल्या चैत्रात आई गेली. श्रावणात पाऊस लागला तेव्हा बायकोने माळा झाडून ठेवला, आधण चढवलं. आम्ही दोघं खिडकीशी उभे राहिलो. समोर काका दिसत होते, विजार दुमडून आपल्या फाटकाशी उभे. ते आलेच नाहीत. आधण आटून गेलं. इतकी वर्षं ज्या माणसाला हसलो, तो आला नाही म्हणून मला इतकं वाईट का वाटावं, हे मला कळेना. आईची खाट त्या दिवशी फार रिकामी वाटली.

संध्याकाळी त्यांची सूनबाई आली. "सर, मामंजींनी ट्रंक भरलीय. उद्याच्या गाडीनं सांगलीला जातो, कायमचा, म्हणतात. तिथल्या घराची मागची भिंत पडलीय. पाणी आलं तर या वयात कोण काढणार त्यांना? यांचं तर काही ऐकत नाहीत. तुम्ही सांगून बघा की."

मी गेलो. भरलेली ट्रंक दाराशी होती, आणि चक्क जमिनीवर होती. मी म्हटलं, "काका, इथे तुम्हाला कसली भीती नाही. तिकडे जाऊन जीव का धोक्यात घालता?"

"मास्तर, तिकडं पाणी येतं, तशी माणसंही येतात," ते म्हणाले. "आमच्या गल्लीत पाणी चढाय लागलं की आपलं सामान कुणी आधी उचलत नाही. गल्लीत सगळ्यात म्हातारं माणूस कोण, त्याच्या घरी आधी जायचं. सगळ्यांनी. मग बाकीची घरं."

"न बोलावता?"

"बोलवाय वेळ कुठं असतो? इथं तुमच्या आई होत्या, म्हणून तुमच्याकडं यायचो."

"मग आता?"

काका ट्रंकेच्या कडीशी चाळा करत राहिले. "आता इथं मी कुणाकडं जाणार?" एवढंच म्हणाले.

मी घरी येऊन बायकोला हे सगळं सांगितलं आणि म्हणालो, मला काही समजलं नाही. गल्लीत दुसरं कुणी म्हातारं नाही, तर नाही, त्यासाठी गाव सोडायचं काय कारण? ती हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिली.

"अहो, शाळेत शिकवता ना तुम्ही? आई गेल्या. आता गल्लीत सगळ्यात म्हातारं कोण आहे?"

दुसऱ्या दिवशी पाऊस बेताचाच होता. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. बायकोने पदर खोचला. दोघं समोर गेलो, कुणाशी बोललो नाही, आणि दाराशी असलेली ती ट्रंक दोन्ही बाजूंनी धरून उचलली. माळ्यावर चढवताना माझ्या कमरेत जी कळ आली ती अजून अधूनमधून येते. काका खुर्चीत बसून पाहत होते. त्यांनी अडवलं नाही. फक्त, ट्रंक नीट आत सरकल्यावर म्हणाले, "मास्तर, आधी धान्य उचलतात." मग त्यांनी हळूच दोन्ही पाय खुर्चीवर घेतले आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

मी चहा घेतला आणि म्हणालो, "पाणी उतरलं की काढू."

त्या दिवसाची गाडी गेली. ट्रंक अजून माळ्यावर आहे. काढा असं ते म्हणत नाहीत आणि काढू का असं आम्ही विचारत नाही. थंडी पडली तेव्हा थोडी पंचाईत झाली, कारण त्यांचा स्वेटर ट्रंकेत होता आणि पाणी काही उतरलेलं नव्हतं. म्हणून मी माझा दिला, आईने विणलेला. तो घालून ते धुक्यात तळ्याकडे जाताना दिसले की मी शाळेला उशीर होत असतानाही फाटकाशी जरा थांबतो.