दत्तरावांचा म्हसोबा आणि मंजुषाच्या दीर्घिका

ताडकळसला आमच्या शेजारी दत्तराव राहतात. चौतीस वर्षं त्यांनी जमीन मोजणीची साखळी ओढली. साहेब सावलीत, दत्तराव काट्याकुट्यांत. रिटायर झाले तरी बांधाचं भांडण लागलं की लोक आधी त्यांच्याकडेच यायचे. ते रानात जायचे, विडी कानावर खोचायचे, एखाद्या दगडावर पाय ठेवून म्हणायचे, "ही खूण." मग कुणी बोलायचं नाही.

माणूस तोंडाचा कडू. नांगरताना दरसाल शेजाऱ्याचा बोटभर बांध कोरून आपल्यात घेणाऱ्याला ते लग्नाच्या पंगतीतही सोडायचे नाहीत. "घे, जिलेबी घे. बांध तर खाल्लासच." असं त्यांचं वाढणं.

आणि त्यांच्यावरच बांध खाल्ल्याचा आळ आला.

त्यांच्या आणि व्यंकटरावांच्या रानामध्ये म्हसोबा आहे. म्हणजे हद्दीचाच दगड, शेंदूर लावलेला. व्यंकटरावांना यंदा तारेचं कुंपण करायचं होतं, म्हणून त्यांनी मोजणी मागवली. मोजणीवाले आता साखळी आणत नाहीत. काठीवर पांढरं टोपलं बसवलेलं यंत्र आणतात. ते उपग्रहांना विचारून जागा सांगतं. यंत्र म्हणालं, खरी हद्द अलीकडे, दत्तरावांच्या बाजूला आहे, म्हसोबा व्यंकटरावांच्या रानात चार फूट आत बसलाय. आणि दत्तरावांची कपाशी तर थेट म्हसोबाच्या रेषेपर्यंत.

"चार फूट!" व्यंकटराव सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडले. "लोकाला बोटाबोटाचा जाब इचारायचा अन् आपण चार फुटाचा घास! देवाला बी संगं घेऊन!"

"यंत्र खोटं बोलायलंय," दत्तराव म्हणाले. "ते उपग्रह घिरट्या घालायलेत. माझा म्हसोबा बसल्या जागी हाय. फिरणाऱ्यानं बसलेल्याची जागा सांगायची व्हय?"

मोजणीवाले म्हणाले, उद्या येऊन खुणा पक्क्या करू, हरकत असेल तर तेव्हा सांगा. त्या दिवशी दत्तराव जेवले नाहीत. चार फुटांचं त्यांना काही नव्हतं. उद्यापासून आपल्या शब्दावर कुणी दगड रोवणार नाही, याचा त्यांना घोर.

त्यांची मुलगी मंजुषा पुण्याहून सुट्टीवर आली होती. ती काय काम करते ते गल्लीत कुणाला नीट माहीत नाही. पार्वतीवहिनी, म्हणजे तिची आई, "तारे बघते" एवढंच सांगतात, म्हणून लोक पत्रिका घेऊन येतात.

"बाबा," मंजुषा म्हणाली, "उपग्रहांची जागा बी कुणीतरी तपासतंच की."

"कोण तपासतंय?"

"लय लांबच्या दीर्घिका, म्हंजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या. इतक्या लांब, की त्या किती बी पळाल्या तरी आपल्याला जाग्यावरच दिसतात. त्याच आमचे हद्दीचे दगड. रेडिओ दुर्बिणीची एक डिश एका खंडात, दुसरी समुद्रापल्याड. दोघी एकाच वेळी एकाच दीर्घिकेकडं तोंड करून बसतात. तिची रेडिओलहर एकीला आधी पोचते, दुसरीला जरा उशिरानं. अशा कितीतरी उशिरांवरून तिची जागा काढायची. पृथ्वी कशी डुलायलीय ते बी त्यांच्यावरूनच कळतं. मग उपग्रहांचा हिशेब लागतो."

"किती बारीक मोजता?"

"चंद्रावर कुणी फूटभर बांध कोरला, तर हितं कळंल."

"तितं बी कोरत्याल लोक," दत्तराव म्हणाले. पण आवाजात मान होता. जरा थांबून त्यांनी खऱ्या मोजणीवाल्याचा प्रश्न विचारला, "अन् दीर्घिकाच हालली तर?"

मंजुषा हसली. "तेच तर माझं काम. दीर्घिका जागीच असते, पण तिच्या पोटातून झोत निघतो. तो ठळक झाला की ती सरकल्यासारखी दिसते. म्हणून वर्षानुवर्षं एकेकीची जागा बाकीच्यांशी ताडून बघायची. सगळ्याच एका अंगाला सरकल्या, तर आपलाच पाय हालला. एकटीच सरकायली, तर तिला खुणांच्या यादीतून काढायचं."

"काढायचं," दत्तराव हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी माळ्यावरून जुनी साखळी काढली. मी, वहिनी आणि मंजुषा चहा घेऊन मागोमाग गेलो. विहिरीजवळचा दगड, ओढ्याकाठचा आणि गाडीवाटेचा, तिन्ही एकमेकांशी जुळले. यंत्राशीही जुळले. एकटा म्हसोबा चार फूट बाहेर. दत्तरावांनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा साखळीलाच शिव्या घातल्या.

"आता एकदा चंद्रावरून मोजा," बांधावर बसलेले व्यंकटराव म्हणाले. तोवर पाच-पंचवीस माणसं जमली होती. मोजणीवालेही आले.

पार्वतीवहिनींनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "अवो," त्या कुजबुजल्या, "ओटा."

"कुटला ओटा?"

"मंजीच्या बारावीचा."

मंजुषाला फिजिक्सचा पेपर अवघड गेला होता. वहिनींनी म्हसोबाला नवस केला, पोरगी पास होऊ दे, तुला ओटा बांधते. पोरगी पहिली आली. पण म्हसोबाच्या बुडाखालून दत्तरावांचा पाण्याचा पाइप गेलेला. गवंडी म्हणाला, देव जरा पलीकडं घ्या. दत्तरावांनी पहारीनं दगड उचकटला आणि पलीकडं नेऊन बसवला. शेंदूर, नारळ, नैवेद्य, सगळं यथासांग झालं. पुढच्या नांगरटीपासून सगळे देवाच्या रेषेनंच नांगरायला लागले.

त्या ओट्यावर मीही नारळ फोडलाय. मलाही आठवलं नाही, आणि ते काही विसरभोळेपण नव्हे. शेंदूर चढला की दगडाचं मागचं कुणी विचारत नाही. देव आहे म्हणजे तिथंच होता.

"म्हंजे माझ्या मार्कांनी हद्द हालली?" मंजुषा म्हणाली.

हे एवढ्या हळू बोललं गेलं होतं, की आम्हा चौघांपलीकडं कुणी ऐकलं नव्हतं. दत्तराव गप्प बसले असते तर चूक साखळीवर ढकलून मोकळे झाले असते. ते म्हसोबापुढं वाकले, उठले आणि मोजणीवाल्यांना मोठ्यानं म्हणाले, "लिवून घ्या. म्हसोबाला खुणेत धरू नका. ह्या हातानं हाललाय तो. चार फूट म्या खाल्ले. नकळत खाल्ले, पन खाल्ले."

कुणी हसलं नाही. व्यंकटराव खाली बघत म्हणाले, "पहारीला एक हात माझा बी व्हता. आत्ता ध्यानात यायलंय."

"मग देवाला परत जाग्यावर आणायचं का?" कुणीतरी विचारलं.

"बसलेला देव उठवायचा न्हाई," वहिनी म्हणाल्या. "देव जाग्यावरच हाय. दगूड तेवढा हालला."

"आई," मंजुषा म्हणाली, "हेच लिवायला मला इंग्रजीत धा पानं लागतात."

कुंपण झालं. व्यंकटरावांनी म्हसोबापाशी फाटक ठेवलं. अमावास्येला आम्ही त्यातून जातो आणि ते म्हणतात, "नारळ तुमचा, रान माझं, खोबरं माझं."

दत्तरावांकडं लोक अजून येतात, थोडे जास्तच. पण आता ते एकाच दगडावर पाय ठेवून हद्द सांगत नाहीत. "तीन खुणा दावा," म्हणतात. परवाच्या लग्नात व्यंकटरावांनी त्यांच्या ताटात वाढलं, "घ्या, चार फूट जिलेबी." खाल्ली मुकाट्यानं.

मागच्या आठवड्यात मंजुषाचा फोन आला. तिच्या भरवशाची एक दीर्घिका इतकी वर्षं स्थिर होती, ती सरकायला लागलीय. यादीतून काढावी लागणार, म्हणून पोरगी खट्टू झाली होती.

दत्तराव म्हणाले, "काढ. पन आधी बघ, तिचा ओटा कुनी बांधला."