दामूकाका आणि हजार वॅट

दामूकाका कुणाच्याही घरी गेले की आधी बसत नसत. चपला दाराशी काढायच्या, पाणी नको म्हणायचं आणि सरळ म्युझिक सेटपाशी जाऊन त्याच्या डोक्यावर तळहात ठेवायचा. पोराला ताप आहे का बघतात, अगदी तसा. हात गार लागला की मग खुर्ची, मग चहा. आमच्या वरसे गावात या सवयीची फार टिंगल व्हायची.

पूर्वी त्यांचं पेणला अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद करून ते आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आले. दुकान का बंद केलं विचारलं की म्हणायचे, "भ्यालो." धडधाकट माणूस असं सांगतो म्हटल्यावर लोक हसणारच. मला मात्र त्यांनी एकदा पुढचं सांगितलं. एका गिऱ्हाइकाने सेटला स्पीकरचे जास्तीचे दोन बॉक्स जोडून मागितले होते. खोक्यावरचा आकडा भलामोठा. काकांनी त्यावर विश्वास ठेवला नि जोडून दिले. तिसऱ्या दिवशी सेटशेजारचा पलंग पेटला आणि त्यावर झोपलेल्या बाईचे पाय भाजले. "ती जगली गो," काका म्हणाले, "पन मी तिच्या दारावरनं परत कधी गेलो नाय."

माझा नवरा नीलेश डोलवीला कंपनीत कंत्राटावर आहे. नणंदेची हळद ठरली तसा तो पेणहून नवा सेट घेऊन आला. खोक्यावर लाल अक्षरात '१००० वॅट'. काकांनी खोक्याकडे बघितलंही नाही. सेट फिरवला आणि मागची बारीक अक्षरांची पट्टी वाचली.

"नीलेश, ह्यो वीज खातो एकशेधा वॅट. मग हजार कुठनं देनार? शेरभर दुधाचं मणभर दही लागतं काय रे?"

"म्हणजे हजार लिहिलंय ते खोटं?" मी विचारलं.

"खोटं नाय पोरी, क्षणभराचा आकडा हाय तो. जीव घेऊन पळालीस तर एक जिना चढशील एका दमात, म्हनून दिसभर तशी चढशील काय? दिसभर वाजवायचं तर हा एका बाजूला तीसेक वॅट देल. तेपन आठ ओहमच्या एका बॉक्सला. त्यालाच दुसरा जोडलास की ओहम निम्मे, विजेला आडकाठी निम्मी. म्हंजे एका पंपावर दोन शेतांचं पानी. सेट नाय म्हनत नाय, नुसता तापत जातो."

नीलेशला ते लागलं. "काका, शुभकार्य आहे. आल्या आल्या अभद्र नका बोलू." मी तर काकांसारखाच सेटवर हात ठेवला आणि ओरडले, "एकशे दोन ताप हाय वो डॉक्टर!" सगळे खो खो हसले. काका चपला घालून घरी गेले.

हळदीच्या दुपारी आळीच्या रिवाजाप्रमाणे घराघरातून एकेक बॉक्स आला. ज्याचा वाजला नाही तो रुसतो, म्हणून सहाच्या सहा अंगणात मांडले आणि सगळ्यांच्या तारा त्या एकाच सेटला जोडल्या. सेट मधल्या खोलीत, शोकेसमध्ये, वर सासूबाईंनी विणलेला रुमाल. आवाज सगळा बाहेर, म्हणून माझ्या सहा महिन्यांच्या ओवीला मी त्याच खोलीत, शोकेसला लागून पाळण्यात झोपवलं होतं. सेट दोनदा बंद पडला. दोन्ही वेळा फ्यूज उडाला होता. तिसऱ्यांदा लावताना नीलेशच्या मित्राने फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली. "आता बघू कसा बंद पडतो!" खरंच नाही पडला.

तेवढ्यात काका आले. मधल्या खोलीकडे वळले, थांबले, माझ्याकडे बघितलं आणि सेटपाशी न जाता पंगतीत जाऊन बसले. चला, आज तरी शहाण्यासारखे वागले, असं मला वाटलं.

थोड्या वेळाने ते भरल्या पानावरून उठले आणि खरकट्या हाताने आत धावले. मी मागोमाग. दारातच जळक्या रबराचा वास नाकात शिरला. रुमाल पेटला होता. पाळण्याची झालर एका कडेने धुमसत होती. काकांनी ओवीला उचलून माझ्या अंगावर टाकलं आणि मग उघड्या हाताने वायर उपटली. गाणं तुटलं तसे बाहेर लोक ओरडले, "अरे, बंद का केलं? लावा रे!" ओवी खोकत होती, पण रडत नव्हती. ती रडली तेव्हा कुठे माझा जीव जाग्यावर आला.

रोह्याच्या डॉक्टरांनी ओवीला तपासून काही नाही म्हणून सांगितलं. काकांच्या हाताला पट्टी बांधली. बाहेरच्या बाकावर ते बसले होते. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "काका, तुम्ही होतात म्हणून माझी पोर वाचली."

त्यांनी पाय मागे ओढले. "नको गो. वास मला आल्या आल्याच लागला व्हता. पन म्हटलं, ही पोरगी परत हसंल. म्हनून पानावर बसलो. भात कालवला. धा मिन्टं बसलो गो मी तिथं!"

काका गेल्या वर्षी वारले. नीलेश आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, दामूकाकांनी आमची ओवी वाचवली. मी मान हलवते. त्या दहा मिनिटांचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.