लक्ष्मीची पावलं आणि आमचा खुनी

किस्से माळ्यावरच्या गाठोड्यांसारखे असतात. एक ओढावं तर चार अंगावर येतात. आता माझ्या आठवणीवर माझाच फारसा विश्वास नाही, म्हणून जुन्या वर्गमित्राला, शिबूला, फोन करून खात्री करून घेतली. तो म्हणाला, "असंच घडलं होतं. लिही बिनधास्त!" तरी धाकधूक आहेच.

सत्तरच्या दशकातलं कलकत्ता. वडील रेल्वेत, घर गार्डन रीचच्या क्वार्टर्समध्ये. एम.ए. करून मी पत्रकारितेच्या वर्गात जात होतो. घोषालसरांनी प्रोजेक्ट दिला: एक छोटी सस्पेन्स फिल्म. अट एकच. "खुन्याचा चेहरा दिसण्याआधी प्रेक्षकांतल्या एकाने जरी त्याला ओळखलं, तर सगळे नापास!"

वडिलांची बदली बिलासपूरला ठरलेली. नापास झालो तर पुन्हा वर्ष काढायची सोय नव्हती. माझी झोपच उडाली.

आमचा डायरेक्टर शिबू. त्याने खुनी म्हणून मलाच निवडलं.

"मीच का रे?"

"तुझ्यावर कोण संशय घेणार? तू तर ट्रामचं तिकीट काढूनही चेकरला घाबरतोस!"

*

शूटिंग शिबूच्या गल्लीत. कॅमेरा दिसताच ओट्यावर गप्पा मारत बसलेली मंडळी उठून आली. कलकत्त्यात सिनेमातलं कळत नाही असा माणूस मला तरी भेटला नाही!

"खुनी कोण?" एका आजोबांनी विचारलं.

"ते गुपित आहे, दादू," शिबू म्हणाला.

आजोबांनी आम्हा सगळ्यांना निरखून पाहिलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हा नाही, एवढं नक्की!"

शिबू आनंदाने नाचायचा बाकी होता. मला मात्र वाईट वाटलं. इतका का मी बावळट दिसतो?

*

शिबूच्या डोक्यात होतं की खुन्याचे फक्त बूट दाखवायचे. मी वडिलांचे काळे बूट पॉलिश करून नेले. दारातच पिशीमा, म्हणजे शिबूची आत्या, उभी!

"बूट बाहेर काढ."

"पिशीमा, अगं, हा खुनी आहे!"

"मग दाराशीच काढू दे. इथे कोणी चोरत नाही!"

*

झालं! खुनी अनवाणी. शिबू म्हणाला, "खुन्याचे पाय इतके स्वच्छ?" आणि त्याने मला गल्लीतल्या चिखलात उभं केलं.

नेमका गुरुवार होता. बंगाल्यांच्या घरात गुरुवारी लक्ष्मीची पूजा. पिशीमाने तांदळाच्या पिठीने दारापासून आतपर्यंत लक्ष्मीची पावलं काढलेली. ती स्वयंपाकघरात नारळाचे लाडू वळत होती, तेवढ्यात शॉट उरकायचा होता. पावलांवर पाय पडू नये म्हणून मी बोटं आखडून, वाकडीतिकडी पावलं टाकत आत शिरलो.

"वा! काय क्रूर चाल!" शिबू कॅमेऱ्यामागून ओरडला.

*

प्रेताचं काम बापीदाकडे, म्हणजे शिबूच्या चुलतभावाकडे. लोडशेडिंगमुळे पंखा बंद, बापीदा घामाने निथळत मरून पडलेला. इतक्यात पिशीमा आली आणि तिने प्रेताच्या तोंडात लाडू भरवला. "मरायचं ते मर, पण प्रसाद खाऊन!"

कॅमेरा चालूच होता. फिल्म तेवढीच शिल्लक होती. प्रेत लाडू चावतंय, हा शॉट तसाच राहिला!

*

शो वर्गातच होता. खिडक्यांना काळे कागद लावलेले, घरच्यांना आमंत्रण. बाबा ऑफिसात, म्हणून आई एकटीच आली. खुनी मी आहे हे तिला सांगितलं नव्हतं.

फिल्म मुकी. पडद्यावर लाल जमीन, लक्ष्मीची पांढरी पावलं आणि बोटं आखडलेले माझे चिखलाचे पाय.

आणि अंधारात आईचा आवाज! "अरे मेल्या, पाय धू आधी!"

ओळखलं की तिने! घरात ती 'मेल्या' फक्त मलाच म्हणायची. वर्गात आमच्याखेरीज मराठी कोणालाच येत नव्हतं, एवढाच काय तो आधार!

शेवटी माझा चेहरा दिसला. टाळ्या पडल्या, दिवे लागले आणि घोषालसर थेट आईसमोर येऊन उभे राहिले.

"माताजी, आप बीच में क्यों चिल्लाईं? खूनी को पहचान लिया था?"

सगळा वर्ग वळून बघू लागला. शिबूने माझा दंड घट्ट धरला. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, पदर नीट केला आणि आपल्या बाजारातल्या हिंदीत सांगितलं, "पाँव गंदा था. उधर लक्ष्मी का पाँव निकाला है ना!"

"लेकिन माताजी, वो तो खूनी था!"

"खूनी हुआ तो क्या हुआ? पाँव नहीं धोयेगा?"