रेघ न आलेली टाकी

आमच्या बेडसे गावच्या घरी गॅसची टाकी होती, पण गॅस नव्हता. गुलाबाच्या पॉलीहाऊसचा कागद बदलताना वडील वरून पडले आणि त्यांची कंबर गेली. त्यांच्या जागी आई फुलं तोडायला जाऊ लागली. चूल परत पेटली. टाकी कोपऱ्यात उभी राहिली, तिच्यावर पिठाचा डबा ठेवायची सोय झाली. मी तेव्हा लोणावळ्याच्या कॉलेजात अकरावीला होते. आमच्या घरातलं कॉलेज पाहिलेलं पहिलंच माणूस मी.

तिथं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या गॅस मॅडम भेटल्या. हे नाव पोरांनी पाडलेलं आणि मॅडमना ते माहीत होतं. अंगानं भरपूर. दारातून आत आल्या की वर्गात क्षणभर अंधार व्हायचा. आमचं हसू दाबलेलं पाहून त्याच म्हणायच्या, "हसा की! आदर्श वायूचे कण जागाच व्यापत नाहीत, असं पुस्तक म्हणतं. खऱ्या कणांना जागा लागते. विश्वास बसत नसेल तर माझ्याकडे बघा."

सोमाटण्याला त्यांच्या अब्बांचं पंक्चरचं दुकान होतं. पंपाचा दांडा दाबता दाबता हवा कशी हट्टाला पेटते, ते आपण तिथं हातांनीच शिकलो, असं त्या सांगायच्या. त्यांचं एक वाक्य आम्हाला पाठ होतं : "दाब कमी आणि ऊब भरपूर असली की सगळेच वायू आदर्श वागतात. दाब वाढू दे, थंडी पडू दे, मग खरा स्वभाव कळतो."

एकदा धुकं इतकं दाटलं, की समोरचं मैदान दिसेना. आम्ही खिडक्या लावायला उठलो, तर मॅडम म्हणाल्या, "उघड्या राहू देत." धुकं आत आलं, बाकांवर उतरलं, वह्या दमट झाल्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "हवेतली वाफ आहे ही. दिसत नव्हती, आता दिसते. थंडीत कणांचा वेग कमी झाला आणि त्यांनी एकमेकांना धरलं. आदर्श वायूच्या कणांना एकमेकांची ओढ नसते. तो कितीही गार करा, त्याचं पाणी होणार नाही. ढग नाही, धुकं नाही. मग लोणावळ्याला कोण आलं असतं, सांगा?" सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. धुक्यातच वाढलेली मी, त्या दिवशी हातावरचे थेंब बघत बसले.

मग त्यांनी घरचा अभ्यास दिला. "टाकीत दाबानं गॅसचा द्रव झालेला असतो. टाकीला ओलं फडकं फिरवा. द्रव जिथपर्यंत, तिथपर्यंत ओल जास्त वेळ टिकते. रेघ कुठे येते ते उद्या सांगा."

मी पिठाचा डबा उतरवला, फडकं फिरवलं. टाकी वरपासून खालपर्यंत सारखीच वाळली. दुसऱ्या दिवशी कुणाची रेघ अर्ध्यावर, कुणाची बुडाशी. माझी पाळी आली.

"रेघच न्हाई आली, मॅडम."

मागून कुणीतरी म्हणालं, "टाकीच न्हाई वाटतं हिच्याकडं!" वर्ग खदखदला.

मॅडम हसल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलं, त्यांना काय ते कळलं. "शाबास," त्या म्हणाल्या. "द्रव संपला, दाब उतरला, आत थोडा वायू उरला. सगळ्या वर्गात आदर्श वायूच्या सगळ्यात जवळ हिचीच टाकी आहे." आणि फळ्याकडे वळून समीकरण लिहू लागल्या.

दिवाळीनंतर आईनं मला कॉलेजातून काढलं आणि सोबत फुलांवर नेलं. आठवड्याभरात मॅडम कामशेतहून टमटमनं घरी हजर. दारात अंधार झाला तेव्हाच मी ओळखलं.

"बाई, चा चुलीवरचा हाय. चालंल नव्हं?" आई म्हणाली.

"चालेल काय, पळेल!"

चहा झाल्यावर आई थेट बोलली, "हिनं शिकावं वाटतं वो. पर हिचा बाप हा असा. पुस्तकातलं आमच्यात कुटं लागू हुतंय?"

"पुस्तकातलं जसंच्या तसं कुठेच लागू होत नाही, मावशी," मॅडम म्हणाल्या. "आदर्श वायूचं समीकरण सोपं, पण तसा वायू जगात नाही. म्हणून आम्ही समीकरण फेकून देतो का? खऱ्या वायूसाठी दोन दुरुस्त्या करतो. एक कणांच्या जागेची, एक ओढीची. हिचंही तसंच करू. घरात अभ्यासाला जागा नाही, तर माझ्या प्रयोगशाळेत बसेल. घराची ओढ आहे, तर सकाळी फुलं तोडून येईल, प्रॅक्टिकल दुपारचं लावून देते."

आईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. वडील खाटेवरून म्हणाले, "जाऊ दे तिला."

"न्हाई कोन म्हनलंय?" आई म्हणाली. "पर फुलं चुकवायची न्हाईत."

फुलं चुकली नाहीत, कॉलेजही चुकलं नाही. बोटांत गुलाबाचे काटे आणि हातात परीक्षानळी, अशी माझी वर्षं गेली. ती वर्षं मॅडमच्या दोन दुरुस्त्यांवर उभी होती.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात कुणी त्यांना 'आदर्श शिक्षिका' म्हणालं. त्यांनी माईक ओढून घेतला. "आदर्श म्हणजे जिला जागा लागत नाही आणि कुणाची ओढ नाही. मला दोन्ही लागतं, भरपूर लागतं." सभागृह हसलं. माईक परत देऊन त्या खाली बसल्या.

आता आमच्या घरी टाकी भरलेली असते. आई ओलं फडकं फिरवते आणि शेजारणीला रेघ दाखवते, "हितवर हाय बघ." मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे.