न ऐकलेल्या पेपरचं कौतुक

आमच्या जिल्ह्यातल्या बहुतेक महाविद्यालयांत ग्रंथपाल एकटाच असतो. हाताखाली एखादा शिपाई असला तर असला, आणि परीक्षा आल्या की तोही बाकं लावायला पळवला जातो. त्यामुळे ग्रंथपालांची परिषद भरली की निम्म्या ग्रंथपालांना येताच येत नाही. रजा मागायला गेलं की प्राचार्य विचारतात, "मग ग्रंथालय कोण उघडणार?" माझं नशीब जरा बरं. मी सोलापूर शहरातला, हाताखाली दोन माणसं, आणि परिषदांची मला पहिल्यापासून हौस. म्हणून सहा वर्षांपूर्वी मी एक ब्लॉग सुरू केला. ज्यांना येता आलं नाही त्यांना कळावं की कोण काय बोललं, कुठल्या पेपरात काय होतं. हेतू इतका चांगला होता की माझं मलाच कौतुक वाटायचं.

ब्लॉग वाचला जायचा. परिषद संपली की दुसऱ्या दिवशी मी ग्रंथपालांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुवा टाकायचो आणि दुपारपर्यंत हात जोडलेल्या चित्रांची रांग लागायची. कुर्डुवाडीच्या एका सरांनी एकदा लिहिलं होतं, "तुमचा वृत्तांत वाचला की प्रत्यक्ष हजर असल्यासारखं वाटतं." ते वाक्य मी बायकोला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "अहो, आता फ्रेम करून लावा."

मागच्या वर्षीची परिषद सोलापुरातच होती, माझ्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांच्या अंतरावर. पहिला दिवस मी इमानदारीत बसलो. दीपप्रज्वलन, शाली, नारळ, बीजभाषण, सगळं वहीत उतरवलं. दुसऱ्या दिवशी जेवणात कडक भाकरी, शेंगाची चटणी, भरलं वांगं आणि वर शेंगापोळी होती. बाहेरगावचे लोक दोन पोळ्यांवर थांबले. आपल्या गावची अब्रू राखायला मी चार खाल्ल्या. बाहेर मार्चचं ऊन, सभागृहात पंखे नुसतेच गरगरत होते, आणि पुढचं सत्र पेपरवाचनाचं होतं. मी मनाशी म्हटलं, अर्धा तास घरी पाठ टेकू आणि येऊ. घरी गेलो, डोळा लागला, आणि उठलो तेव्हा साडेपाच वाजले होते. समारोपसुद्धा उरकला होता.

संध्याकाळी ब्लॉग लिहायला बसलो. पेपरवाचनाचं सत्र गाळलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण माझ्या वृत्तांताला असं भोक पडलेलं मला चालेना. परिषदेच्या पिशवीत छापील ग्रंथ होता. त्यात सगळे शोधनिबंध, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर आठ-दहा ओळींचा सारांश. मी सारांश वाचत गेलो आणि लिहीत गेलो. आठ पेपर, आठ परिच्छेद. एकाला "अभ्यासपूर्ण", दुसऱ्याला "चिंतनशील", तिसऱ्याला "दिशादर्शक". सहाव्या पेपरला पोचेस्तोवर माझी विशेषणं संपत आली होती. तो बार्शीच्या एका महाविद्यालयातल्या ग्रंथपाल मॅडमचा होता, 'ग्रामीण विद्यार्थिनींच्या माहितीविषयक गरजा' असं काहीतरी लांबलचक नाव. मी लिहिलं, "बार्शीच्या मॅडमनी डिजिटल युगातील ग्रामीण ग्रंथालयाचा अत्यंत प्रभावी वेध घेतला. त्यांच्या ओघवत्या सादरीकरणाला सभागृहाने टाळ्यांच्या गजरात दाद दिली." टाळ्या माझ्या पदरच्या. नव्या माणसाला जरा प्रोत्साहन, असं मला तेव्हा वाटलं होतं.

चार दिवसांनी मी काउंटरवर असताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"सर, मी बार्शीहून बोलतेय. तुमच्या ब्लॉगवर माझ्या पेपरबद्दल लिहिलंय, ती मी."

मला वाटलं, आभार मानायला फोन केलाय. मी म्हटलं, "अरे वा मॅडम, फार छान झालं हो तुमचं वाचन."

मग त्या म्हणाल्या, "सर, मी आलेच नव्हते की."

मी हातातली पुस्तकं खाली ठेवली. त्या मात्र शांतपणे बोलत होत्या, जणू पाठ करून आल्या होत्या. त्यांनी परिषदेसाठी रजा मागितली होती. प्राचार्यांनी परीक्षेचे फॉर्म भरणं चालू आहे म्हणून नाकारली. पेपर आधीच पाठवलेला, तो ग्रंथात छापून आला, तेवढ्यावर त्यांनी समाधान मानलं आणि त्या दिवशी नेहमीसारख्या सकाळी आठला कामावर गेल्या. प्राचार्य त्या दिवशी विद्यापीठात बैठकीला होते. परत आल्यावर कुणीतरी त्यांना माझा ब्लॉग दाखवला. आता त्यांचं म्हणणं असं की या बाईंनी सकाळी मस्टरवर सही केली, दुपारची एसटी धरली, सोलापुरात पेपर वाचला आणि टाळ्या घेऊन परत आल्या. कारणे दाखवा नोटीस निघाली होती. मॅडमचं प्रोबेशन महिन्याभरात संपणार होतं, आणि त्यांना कायम करायचं की नाही हे याच प्राचार्यांच्या शेऱ्यावर होतं.

"तुम्ही दिवसभर पुस्तकं दिली असतील ना? रजिस्टर दाखवा," मी म्हटलं.

"दाखवलं. ते म्हणाले, रजिस्टर तुमच्याच अक्षरात आहे, नंतरही भरता येतं."

"मग मुलींना विचारा म्हणावं."

"मुलींना माझ्यासाठी साक्षीला उभं करू का सर? ते मला नाही जमायचं."

मी घाईघाईने म्हणालो, "थांबा, मी आत्ता तो परिच्छेदच काढून टाकतो."

"काढू नका," त्या पहिल्यांदाच जरा जोरात बोलल्या. "आमच्या प्राचार्यांकडे त्याची प्रिंट आहे. आता पुसलं तर मीच सांगून पुसायला लावलं असं होईल. तुम्ही फक्त खरं काय ते लेखी द्या. तुमच्या कॉलेजच्या लेटरहेडवर, तुमच्या प्राचार्यांमार्फत. साधं पत्र आमचे प्राचार्य मानायचे नाहीत."

फोन ठेवला. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी काहीच केलं नाही. पळवाटा शोधत बसलो. "नजरचुकीने उल्लेख झाला" असं लिहिता येईल. "नावात गफलत झाली" असंही चालेल, म्हणजे पेपर दुसऱ्याच कुणी वाचला आणि मी नाव चुकीचं टाकलं. पण मग त्या दुसऱ्याचं नाव सांगावं लागलं असतं. आणि सभागृहात होतो म्हणावं, तर व्यासपीठावर बाई होत्या की नव्हत्या, हे न कळण्याइतका मी आंधळा आहे का, असं कुणीही विचारलं असतं. कुठूनही गेलं तरी शेवटी तेच येत होतं. मी तिथे नव्हतो. परिषदेला हजर राहण्यासाठी मिळालेल्या ड्यूटी लीव्हवर होतो आणि घरी झोपलो होतो.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी बायकोला सांगितलं. मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. "तुमची झोप आणि त्या पोरीची नोकरी," एवढंच म्हणून तिने वरण वाढलं. मला राग आला, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

सकाळी पत्र घेऊन माझ्या प्राचार्यांसमोर उभा राहिलो. पत्र चार ओळींचं होतं. "सदर सत्रास मी उपस्थित नव्हतो. ब्लॉगवरील मजकूर छापील सारांशावरून लिहिला आहे. संबंधित ग्रंथपालांना मी परिषदेत पाहिलेले नाही. सत्रातील टाळ्यांचा उल्लेख काल्पनिक आहे." ही शेवटची ओळ लिहिताना मला घाम फुटला होता. प्राचार्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"म्हणजे कुठे होता तुम्ही?"

"घरी, सर."

"आजारी होता?"

त्यांनी दार उघडून दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. "नाही सर, जेवण जास्त झालं होतं," मी म्हणालो. त्यांनी माझा रजेचा अर्ज मागवला. मग अर्ध्या दिवसाची ड्यूटी लीव्ह किरकोळ रजेत बदलायचा शेरा मारला आणि पत्रावर सही केली. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या फायलीत लागलेला तो पहिला तसला कागद.

त्याच दुपारी ब्लॉगवर आधीचा मजकूर न पुसता वर खुलासा टाकला: पेपरवाचनाच्या सत्राला मी हजर नव्हतो, आठही पेपरांचं वर्णन सारांशावरून केलं आहे, वाचकांची माफी मागतो. ग्रुपवर दुवा टाकला. या वेळी हात जोडलेलं एकही चित्र आलं नाही. संध्याकाळी लातूरकडच्या एका सरांचा तावातावाने फोन आला. तिसरा पेपर त्यांचा होता. तेही परिषदेला आलेच नव्हते, पण माझ्या ब्लॉगमधला "दिशादर्शक" हा परिच्छेद त्यांनी आपल्या बढतीच्या फायलीत लावून टाकला होता. "तुम्हाला गप्प बसता येत नाही का हो?" ते म्हणाले. मी सॉरी म्हणालो. आठवडाभर मी सगळ्यांनाच सॉरी म्हणत होतो.

पत्र पोस्टाने पाठवता आलं असतं. पण नोटिशीच्या उत्तराची मुदत जवळ आली होती, आणि तोंड लपवायचा मला कंटाळा आला होता. मी एसटीने बार्शीला गेलो. प्राचार्यांच्या दाराशी शिपाई होता. "सायेब आत हायत, जावा की," तो म्हणाला. आतले गृहस्थ ओरडतील अशी माझी तयारी होती. ते ओरडले नाहीत. पत्र दोनदा वाचून त्यांनी विचारलं, "तुम्ही ग्रंथपाल ना?" मी हो म्हटलं. "मग छापलेल्यावर विश्वास ठेवायचा की नाही आम्ही?" त्यांनी नोटिशीच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं: "खुलासा समाधानकारक. प्रकरण बंद." मला इतकं हलकं वाटलं की मी दोनदा आभार मानले. त्यांनी एकदाही मान हलवली नाही.

ग्रंथालय मागच्या इमारतीत होतं. लांबट खोली, लोखंडी कपाटं, टेबलांभोवती दप्तरं मांडीवर घेऊन बसलेल्या मुली. काउंटरवर तिशीच्या एक बाई होत्या, कॉटनची साडी, नाकावर चष्मा. मी ओळख सांगितली, प्रकरण बंद झाल्याचं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग मला खुर्ची दिली, चहा मागवला. रागाचा एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि त्यामुळे मला नीट बसवेना.

चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "सर, एक विचारू? सत्राला नव्हता ते कळलं. पण पेपर तरी वाचला होता ना, ग्रंथातला?"

हो म्हणावं असं फार वाटलं. "नाही," मी म्हणालो. "फक्त वरचा सारांश."

"तो सारांश माझा नाही. संपादकांनी बदलून छापलाय."

त्या उठल्या, कपाटातून तो जाडजूड ग्रंथ काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "संदर्भाची प्रत आहे, बाहेर नेता येणार नाही. इथे बसून वाचा." रजिस्टर उघडून त्यांनी माझं नाव लिहिलं, वेळ टाकली आणि सहीसाठी पेन दिलं. मी सही केली आणि मुलींच्या शेजारी बाकावर जाऊन बसलो.

पेपर अकरा पानांचा होता. त्यात डिजिटल हा शब्द एकदाही नव्हता. त्यात एसटीच्या वेळा होत्या. कुठल्या गावची पहिली गाडी सकाळी किती वाजता बार्शीत पोचते, परतीची शेवटची कधी सुटते, आणि त्या गाडीने येणाऱ्या मुली मधल्या वेळात कुठे बसतात. मॅडमनी स्टँडवर उभं राहून मुलींना विचारून हे सगळं गोळा केलं होतं. साडेसातला उतरलेल्या मुली अकराला ग्रंथालय उघडेपर्यंत स्टँडवरच बसून राहायच्या, आणि दुपारी ग्रंथालय भरात असताना त्यांची गाडी सुटायची. एका मुलीने तीन वर्षांत एकही पुस्तक घरी नेलं नव्हतं. म्हणून या बाई वर्षभर आठ वाजता येऊन स्वतः कुलूप उघडत होत्या. पुढे किती पुस्तकं गेली, कोणती गेली, कुणी काय वाचलं, सगळं साध्या वाक्यांत लिहिलेलं. मी या क्षेत्रात बावीस वर्षं आहे. ग्रंथालयाच्या वेळा मुलींच्या गाड्यांवरून ठरवाव्यात हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आणि परिषदेच्या दिवशी या बाई आठपासून इथे का होत्या, तेही मला तेव्हाच कळलं.

ग्रंथ परत करायला काउंटरवर गेलो. गाडीची वेळ होत आली होती, मुलींची गर्दी होती, मॅडम भराभर शिक्के मारत होत्या. माझा नंबर आल्यावर त्यांनी ग्रंथ घेतला आणि रजिस्टरमध्ये परतीची वेळ लिहिली.

"मॅडम," मी म्हणालो, "पेपर खरंच फार चांगला आहे."

"ते तुम्ही आधीच लिहिलंय की, सर," त्या म्हणाल्या, आणि माझ्या मागच्या मुलीचं कार्ड घ्यायला त्यांनी हात पुढे केला.