पॅसिफिकच्या अलीकडे

अमेरिकेचा पश्चिमेकडे विस्तार दोनदा झाला. एकदा अमेरिकेत आणि एकदा माझ्या चुलतसासऱ्यांच्या तोंडून. दुसरा जास्त रेंगाळला. सांगलीच्या कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवून ते निवृत्त झाले, काकू गेल्या, आणि मुलानं त्यांना ऑकलंडला, न्यू लिनच्या आपल्या घरी आणलं. मुलगा-सून सकाळीच कामासाठी पेनरोजच्या वाटेला लागत, नात शाळेत. मग घरात दिवसभर काका आणि त्यांची अमेरिका. ऐकायला कुणी नाही.

म्हणून ते दिसेल त्याला गाठत. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किरकोळ दुकानात, गप्पांसाठी इतक्यांदा दूध आणायला जात की सुनेनं शेवटी विरजण लावायला घेतलं. शेजारचा गोरा कुंपण रंगवत होता, तर त्याला ओरेगॉनचा तह ऐकवून आले. "इंग्रजांशी लढाईच्या नुसत्या आरोळ्या, आणि शेवटी टेबलावर बसून नकाशात रेघ!" तो बिचारा "स्वीट ॲज", म्हणजे इथलं "झकास", म्हणाला आणि ब्रशसकट घरात गेला. नातीला मराठी सगळं कळे, पण उत्तर एकच, "आजोबा, हीप्स बोरिंग!", म्हणजे भयंकर कंटाळवाणं. मी पडलो जावई, त्यातून शाळेत इतिहासात पस्तीस मार्कांचा धनी. दर शनिवारी थोडं ऐकायचो, तोवर बायको हाक मारून सोडवायची.

"इतकी वर्षं शिकवलं," ते एकदा म्हणाले, "पण पॅसिफिकपर्यंत कधी पोचलोच नाही. टेक्सासला आलो की परीक्षा!"

मग त्या घरी सत्यनारायण निघाला. गुरुजी आधीच्या पूजेत अडकलेले, हॉलभर माणसं, आतून शिऱ्याचा घमघमाट. प्रसाद घेतल्याशिवाय कुणी उठणार नाही, हे काकांनी तेवढ्यात हेरलं. चौरंगाशेजारी सरसावून बसले. "फ्रान्सकडून एक बंदर विकत घ्यायला गेले आणि केवढा तरी मुलूख घेऊन आले. आमची पुतणी कोथिंबीर आणायला जाते ना, तसं!" पुतणी म्हणजे माझी बायको. लोक हसले, आणि काकांना जोर चढला. "पण ज्यांची ती जमीन, त्यांना कुणी विचारलं नाही," असं गंभीरपणे म्हणून ते डोळे मिटून थांबले. मागे उशिरा येऊन बसलेल्या एका आजींना वाटलं, पहिला अध्याय संपला. त्यांनी हात जोडले, "सत्यनारायण महाराज की..." आणि अख्ख्या हॉलनं सवयीनं "जय!" केलं. काकांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

टेक्सास आलं आणि गुरुजीही आले. पूजा, कथा, आरती, प्रसाद, जेवण, आणि बघता बघता हॉल रिकामा. काका दारात प्रत्येकाला सांगत होते, "मेक्सिकोची लढाई राहिली हं." लोक चपला शोधत म्हणत होते, "हो हो काका, नक्की."

बायको आत भांडी आवरत होती. मी काकांपाशी बसलो. "हं काका, टेक्सास."

"निघायचं नाही, जावईबापू?"

"नाही."

मग मेक्सिकोची लढाई झाली. "आधी कुरापत काढली, मग मारलं, आणि वर पैसे देऊन तह केला, लूट म्हणायला नको!" मग पश्चिमेला वस्ती करायला निघालेल्यांच्या बैलगाड्या वाळवंट ओलांडून शेवटच्या डोंगरावर आल्या. काकांचा आवाज खाली आला होता. गाड्यांत म्हातारी माणसंही होती, म्हणाले. पोरं निघाली, म्हणून निघालेली.

"मग?" मी विचारलं. मला खरंच ऐकायचं होतं.

काकांनी उपरण्याची घडी घालायला घेतली. "राहू दे आज. बैल दमलेत."

"अहो, एवढासा उतार तर राहिलाय!"

"हो ना. उतरलो की समुद्र. मग शनिवारी तुम्ही कशाला याल?"

पुढे कित्येक शनिवार गेलो. कधी बैलाचा पाय मुरगळला, कधी बर्फ पडलं, कधी चाक निखळलं. आणि बोलण्याच्या भरात काका अगदीच उतरणीला लागलेत असं वाटलं, की मीच घाईघाईनं विचारी, "काका, त्या मागच्या गाडीचं काय झालं हो?"