हातभर तंगूस

एबनेझर आप्पांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. कारेगावला कंपनीत फिटर होते, रिटायर झाले आणि इनामगावात आमच्या शेजारी राहायला आले. छंद एकच, घोड नदीत मासे धरायचे, तेही गांडूळ न लावता. गळाला कोंबडीची पिसं गुंडाळून अशी माशी बनवतात की आपणच हातानं हाकलावी. मला या माणसाचं भारी कौतुक आहे, हे आधीच सांगून टाकतो.

त्यांच्या चर्चमध्ये कापणीचा सण असतो. ज्यानं त्यानं आपल्या रानातलं पहिलं पीक देवापुढं न्यायचं. कुणी कांदे नेतं, कुणी ज्वारी, कुणी ऊस. आप्पा मासा न्यायचे. पण बंधाऱ्याचं पाणी वाढलं, मासे खोल डोहात गेले, आणि गेली काही वर्षं आप्पा बाजारातली केळी घेऊन रांगेत शेवटी उभे राहायला लागले. "इकत आणल्यालं ते काय माझं पीक हाय व्हय?" म्हणायचे. ऐकून मला फार वाईट वाटायचं.

यंदा त्यांच्या लेकीनं, फेथनं, पुण्याहून पाण्यात बुडणारी जड दोरी पाठवली. दोरीच्या टोकाला बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, बांधायचं आणि तंगुसाला माशी. आप्पांनी सवयीप्रमाणं तंगूस लांबलचक बांधलं. उथळ पाण्यात तेच बरं पडायचं, जाड दोरी माशापासून लांब राहिली की तो बुजत नाही. डोहात मात्र आठवडाभर काही म्हणजे काही लागलं नाही. सण रविवारवर आला.

मग ते दोरी घेऊन आमच्या विहिरीवर आले. तिच्यात मासे नाहीत हे सांगून मी दमलो. आप्पा काठावर पालथे पडून नितळ पाण्यात दोरी सोडत राहिले. माझी बायको म्हाळसा ओरडली, "अवो, आप्पा पडत्याल, पाय धरा त्यांचं!" मी मुकाट्यानं पाय धरले.

"मल्हार, बघ!" आप्पा एकदम म्हणाले. "दोरी गेली तळाला, आन् माशी वरच तरंगतीया. मासा खाली बसलाय, आन् जेवण माळ्यावर!"

त्यांनी तंगूस कापून हातभर केलं. मी म्हटलं, आता जाडच घ्या, मासा मोठा असेल. ते ऐकेनात. "जाड नगं. कुठं अडाकलं तर टोकच तुटावं. लेकीची दोरी घरी आली पायजे."

शनिवारी डोहावर दोरीला जोराचा हिसका बसला आणि मासा बुडालेल्या बाभळीत घुसला. "ओढा आप्पा!" मी बोंबललो. आप्पांनी उलट दोरी सैल सोडली. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. पण ओढ थांबली तसा मासा आपणहून मोकळ्या पाण्यात आला. चांगला मांडीएवढा शिंगाळा!

दुसऱ्या दिवशी मीही चर्चला गेलो. आप्पा रांगेत सगळ्यांच्या पुढं, हातात घमेलं. पाळकसाहेब हसून म्हणाले, "आप्पा, यंदा केळी नाहीत का?"

आप्पांनी घमेलं वर उचललं.

"न्हाई साहेब. यंदा माझ्या रानातलं आणलंय."